मीटर ब्रिजचे खोटे आकडे

काल इन्व्हर्टरमध्ये पाणी भरायला माणूस आला आणि बॅटरीतल्या ॲसिडच्या वासासरशी मी बालाघाटच्या आमच्या शाळेतल्या फिजिक्स लॅबमध्ये जाऊन उभी राहिले.

बारावीत होते मी. शिकवायला माझेच बाबा. मला इतिहास घ्यायचा होता, पण फिजिक्सच्या सरांची मुलगी आर्ट्सला कशी जाणार? शाळेत तेच, घरी तेच. श्वास घ्यायला जागा नव्हती.

त्या दुपारी मीटर ब्रिजच्या प्रयोगात तारेवरून जॉकी, म्हणजे टेकवायची पट्टी, कितीही सरकवली तरी गॅल्व्हानोमीटरची सुई शून्यावर येईना. शेवटी मी सगळी रीडिंग मनानेच लिहिली. बाबांनी वही पाहिली आणि बाकीच्या मुली बाहेर जाईपर्यंत थांबले.

"रीडिंग बनवले नं तू?"

"हौ."

"मी बी बनवलेते बारावीत. मलेबी फिजिक्स नोको होतं. आबानं घ्याले लावलं."

"मंग मले काहून घ्याले लावलं, बाबा?"

सही करून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

पुढे बी.एस्सी. मी रेटून पूर्ण केलं, त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. त्यांच्या गप्प बसण्याचा फार राग आला होता. आता वाटतं, आबांना, म्हणजे स्वतःच्या वडिलांना, हा प्रश्न विचारायची त्यांची कधी हिंमतच झाली नसेल. माझ्या तोंडून तो त्यांनी पहिल्यांदा ऐकला.