पोत्यातला मका

आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक काळी कुत्री होती. सासूबाई तिला मऊ भात आणि बिनमिठाची उकडलेली मासळी घालत, तीही काटे काढून. माझ्या धाकट्या दिराला ते गावंढळ वाटायचं. कामणच्या एका गोदामातून, मित्राच्या ओळखीने, तो कुत्र्यांच्या तयार खाण्याचं मोठं पोतं घेऊन आला. "आता हेच द्यायचं," त्याने बजावलं. पोत्यावर कोंबडीचं चित्र होतं, पण तारीख खरवडलेली होती. मी ती दाखवली तर म्हणाला, "वहिनी, कुत्र्याचं खाणं आहे ते."

पावसाळा सरता सरता कुत्रीने अन्न सोडलं. तिचे डोळे पिवळे झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी पोत्यातला एक दाणा फोडून वास घेतला. "मांस नावाला, बाकी मका. ओल लागून बुरशी धरलीय. त्या बुरशीचं विष हिच्या लिव्हरमध्ये उतरलंय," ते म्हणाले. थोड्याच दिवसांत ती गेली.

डॉक्टरांचं बोलणं दिराने माझ्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं. तरी घरी येईल त्याला तो सांगत राहिला, "आईच्या मासळीने गेली. तेव्हाचा काटा आत राहिला असणार."

मी सासूबाईंना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास लेकावरच ठेवला. पुढे दारात येणाऱ्या मांजरालाही त्यांनी कधी काही घातलं नाही. "माझा हात वाईट," म्हणायच्या. दीर समोरच जेवत असायचा. त्याने एकदाही मान वर केली नाही.