धुळाप्पांचा डिमर

धुळाप्पा सलगरांना कुठलीही वस्तू नुसती विकत घेता येत नसे. आधी तिचा अभ्यास करावा लागे. सात रस्ता चौकाजवळच्या विमा कचेरीत लोकांना पॉलिसी समजावता समजावता आपल्याला सगळंच समजतं, असा त्यांचा समज झाला होता. नव्या फ्लॅटसाठीही त्यांनी ढीगभर व्हिडिओ पाहून स्मार्ट बटणं निवडली. बटणं कसली, नुसती काळी गुळगुळीत काच! बोट लावलं की दिवा लागे, सरकवलं की मंद होई. हेच सगळं फोनवरूनही.

"पिठाच्या हातानं चालंल का हे?" बायकोनं, पूनमनं, दुकानातच विचारलं होतं.

"हॉलमध्ये पीठ कशाला येतंय?" म्हणून त्यांनी विषय मिटवला.

वास्तुशांतीला मंगळवेढ्याकडची माणसं आली. संध्याकाळी धुळाप्पांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, घसा खाकरला आणि फोनवरून दिवे हळूहळू मंद करत नेले.

"आता बघा हं..."

बघायला कुणी थांबलंच नाही. त्यांची आई केराबाई ताडकन उठली. "आरं, होल्टेज गेलं की! फ्रीज जळंल, बंद करा!" मामांनी टीव्हीची पिन उपसली, मावशी मिक्सरकडं धावली. गावाकडं दिवा असा पिवळा पडला की मोटर जळते, हे सगळ्यांना पाठ.

"आई, मीच केलंय ते, मुद्दाम!" धुळाप्पा ओरडले. तोवर आईनं मेन स्विच खाली ओढला होता.

"मुद्दाम?" अंधारातून आईचा आवाज आला. "चांगला दिवा मुद्दाम कमी करतंय व्हय कुणी?"

धुळाप्पांनी हातातल्या फोनकडं पाहिलं. तो उजळून सांगत होता, 'उपकरण सापडत नाही.' ते वाचून त्यांना एकदम हसू फुटलं. एवढ्या अभ्यासाच्या विषयात आपण नापास झालो होतो, तेही घरच्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले.

"काय बिघडलंय?" दुकानदारानं विचारलं.

"बटण न्हाय, गिऱ्हाईक बिघडलंय," धुळाप्पा म्हणाले.

हॉलमध्ये आता खटकन दाबायची बटणं आहेत. फोनवरही चालतात, पण फोन कुणी काढत नाही. दिवा मंद करणारा तो डिमर फक्त झोपायच्या खोलीत राहिला.

ही गोष्ट धुळाप्पांनी स्वतःच कचेरीत, आईच्या आवाजासकट, सांगितली. त्यातून बटणांचे जाणकार म्हणून त्यांची भलतीच ख्याती झाली. हल्ली कुणीही घर बांधलं की बटणं निवडायला त्यांनाच सोबत नेतात, आणि त्यांना काही नाही म्हणवत नाही.