उड्यांचा वाद

ब्राउझरमध्ये जड प्रोग्रॅम झपाट्याने चालावेत म्हणून एक नवा कोड ठरवायचं काम चाललं होतं. माणसांनी वाचायचा नव्हे, थेट मशीनच्या भाषेच्या जवळचा. चर्चा इंटरनेटवर सगळ्यांसमोर चालायची, कुणीही लिहावं. मी केडगावच्या घरातून एका परदेशी कंपनीचं काम करायचे. त्या चर्चेत मला मान होता आणि तो वाढवायची भारी हाव होती.

वाद होता उड्यांचा. प्रोग्रॅम चालताना एका ओळीवरून कुठल्याही दुसऱ्या ओळीवर थेट उडी मारायची मुभा द्यायची का? मी म्हणत होते, द्यायची. एके दिवशी विरोधात एक लांबलचक टिपण आलं: उड्यांना बंधन घाला, म्हणजे कोड धोक्याचा आहे का, हे ब्राउझरला तो एकदाच वरून खाली वाचून कळेल आणि स्वस्त मोबाईललाही झेपेल. इंग्रजी मोडकं. खाली नाव ओळखीचं. पॉलिटेक्निकला मला प्रोग्रॅमिंग शिकवलेले सर. निवृत्त होऊन ते देवळाली प्रवरा इथे राहत होते. जुने मोबाईल गोळा करून त्यांनी चाचण्या केल्या होत्या.

मुद्दा मला पहिल्याच वाचनात पटला. म्हणून मी त्याला हात लावला नाही. त्यांची तीन वाक्यं उचलली, व्याकरणाच्या चुका ठळक केल्या आणि वर लिहिलं, 'आधी भाषा शिकावी, मग भाषा घडवायला यावं.' खाली हसणाऱ्या चिन्हांची रांग लागली. मी ती पुन्हा पुन्हा उघडून बघितली.

सकाळी सरांचा फोन आला.

"मुद्दा समजला नाही का गं तुला?"

"नाही सर."

"बरं. ठेवतो मग."

संध्याकाळपर्यंत त्यांनी टिपण मागे घेतलं, तिथलं खातंही बंद केलं.

पुढे तोच प्रस्ताव एका बड्या कंपनीच्या इंजिनिअरने सफाईदार इंग्रजीत मांडला. सरांचा उल्लेख नव्हता. तो करायला मला एक ओळ पुरली असती, पण मग लोकांनी माझं जुनं उत्तर उकरून काढलं असतं. मी त्याच्या बाजूने मत दिलं. प्रस्ताव मंजूर झाला.

त्यानंतर एका रविवारी देवळालीला गेले. दार सरांच्या पत्नीने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या बाजूला झाल्या नाहीत. मागून सर आले.

"सर, तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे. तुला कधी कळलं?"

'नंतर कळलं' असं खोटं सांगायचं ठरवून आले होते. ऐन वेळी जमलं नाही. "तेव्हाच."

सर पत्नीकडे वळले. म्हणाले, "ऐकलंस? मी इतके दिवस म्हणतोय, आपलंच शिकवणं कमी पडलं. हिला सगळं समजलं होतं."

त्यांनी दार लावून घेतलं.

महिन्याभरात मला त्या कोडच्या समितीवर घेतलं. मी नाही म्हटलं नाही.