चारशे डाव्या बाह्या

शर्टांच्या कारखान्यातलं कटिंगचं टेबल एकोणीस वर्षं तिच्या ताब्यात होतं. कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि मशीनच्या उभ्या पात्याने कापत जायचं. हात इतका साफ की मालकासकट सगळे तिला मास्तरीण म्हणत.

पन्नाशीला टेकली तशी पाळी मागेपुढे व्हायला लागली. 'सुटेन एकदाची,' एवढंच ती म्हणाली. पण पाळीबरोबर झोपही निघाली. अचानक अंगाची लाही व्हायची, उशी घामाने भिजायची आणि एकदा जाग आली की डोळ्याला डोळा लागायचा नाही. नवरा शेजारी ढाराढूर. सकाळी वर तोच शिकवायचा, "अगं, डोक्यात विचार आणायचेच नाहीत." जणू बाई विचार पिशवीत भरून आणत होती!

आठ महिने असे काढल्यावर एका सकाळी तिने दोनशे शर्टांचं कापड अंथरलं. डावी बाही आखली, आणि उजवीसाठी फर्मा पालटायचाच राहिला. पुन्हा तसंच आखलं, कापलंही. चारशे बाह्या, सगळ्या डाव्या हाताच्या.

मालक ओरडला असता तर तिने खाली मान घालून ऐकलं असतं. तो हसला. सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तरीणबाई, वय झालं. उद्यापासून धागे कापायला बसा."

ती बसली. चार दिवस लोंबते धागे कापले, दात आवळून. पाचव्या दिवशी थोरल्या बहिणीला फोन केला आणि भडाभडा सगळं सांगितलं.

"आईचं आठवतं?" बहीण म्हणाली. "उजाडायच्या आत भांडी आपटायला लागायची."

"हो. आपण तिला भोंगा म्हणायचो. बाबाही म्हणायचे."

"तिला झोपच यायची नाही गं. तीन वर्षं. मला फार उशिरा सांगितलं तिने. तेव्हा का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणाली, कुणाला सांगू?"

मास्तरिणीने फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचा राग आला, नवऱ्याचा आला, मालकाचा आला. सगळ्यांत जास्त स्वतःचा. भोंगा हे नाव तिनेच ठेवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी मागच्या वेळी ताकदीच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं होतं. आताही मान वर न करता त्या लिहायला लागल्या. "या वयात असं चालायचंच हो."

"नाही चालायचं," मास्तरीण म्हणाली. "माझ्या हातात पातं असतं. आज कापड गेलं, उद्या बोटं जातील. तुम्ही पेन खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा. तोवर मी उठणार नाही."

बाहेर रांग होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मग मात्र नीट विचारलं: घाम किती वेळा येतो, पाळी कधीपासून अनियमित, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, छातीत धडधड होते का. रक्त तपासायला सांगितलं. "यावर उपचार आहेत," त्या म्हणाल्या.

"मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

डॉक्टरीणबाईंनी तपासणीची चिठ्ठी पुढे सरकवली.

तिथून ती थेट मालकाच्या केबिनमध्ये. "टेबल परत हवंय. वर पंखा हवा. आणि आखणी झाली की पातं लागायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी तपासायची, माझी असो की आणखी कुणाची."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तुमच्या नव्या कटरच्या चुका मोजत बसा. गेल्या चार दिवसांत त्याच्या तीन झाल्यात. मी समोरच बसते, दिसतं मला."

दारात काजं करणारी उभी होती, वयाने हिच्याएवढीच. ती आत येऊन म्हणाली, "पंखा माझ्याही मशीनवर लावा. मलाही होतंय."

पंखे महिन्याभराने लागले, तेही दोघींनी रोज डोकं खाल्ल्यावर. टेबल मिळायला तीन महिने गेले. औषधाने घाम कमी झाला. झोप कधी पाच तास लागते, कधी दोनच. दोनच तास झोप झालेल्या दिवशी ती पात्याला हात लावत नाही, नुसतं आखते, आणि तसं मोठ्याने सांगते.

नवऱ्याने परवा विचारलं, "आता राग गेला ना?"

"नाही," ती म्हणाली. "आणि तो घालवायचं औषध मी मागितलेलं नाही."