आतड्याला ‘अहो’ म्हणणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर माणसांना फाडकन बोलायचे आणि आतड्याला मात्र ‘अहो’ म्हणायचे. स्वारगेटजवळच्या त्यांच्या एक्स-रे दवाखान्यात मी काउंटरवर बसायचे. पडद्याआडून आवाज यायचा, “अहो, सैल सोडा की जरा. कोण खातंय तुम्हाला?” ते आतड्याशी बोलताहेत हे नव्या पेशंटला कुठलं कळायला! आम्ही आपसांत त्यांना पोटोबा म्हणायचो.

आतडं जात्याच भित्रं, हे त्यांचं ठाम मत. बेरियमचं पांढरं औषध आत गेलं की ते आकसून बसतं, म्हणून ते सैल पडायला डॉक्टर एक इंजेक्शन द्यायचे. त्याआधी काचबिंदू आहे का, लघवी अडते का, छाती धडधडते का, अशा हजार चौकशा. लोणी काळभोरचे एक आजोबा वैतागले, “दुखतंय प्वाट, अन् डोळं कशाला इचारता?” डॉक्टर म्हणाले, “इंजेक्शनच्या ओळखी फार. सगळ्यांकडे जाऊन येतं.” कुणी घाई केली, की त्याला स्वारगेटच्या स्टँडवर जायला सांगायचे, तिथे गाड्या वेळेवर सुटत नसल्या तरी सुटतात म्हणून.

मग माझ्याच बाबांच्या पोटात कळा सुरू झाल्या. दुसरीकडे काढलेल्या फोटोत आतडं एका जागी सुतळीएवढं बारीक दिसलं. सर्जन म्हणाले, गाठच असणार, पोट उघडू. आईनं देव पाण्यात घातले. मी काउंटरवर बसून रडत होते. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि इंजेक्शन दिलं होतं का, एवढंच विचारलं. दिलं नव्हतं.

“मग ही गाठ असेल, नाहीतर नुसती भीती. कापण्याआधी विचारू तरी.”

दुसऱ्या दिवशी बाबा टेबलावर. बेरियम चढलं, पडद्यावर तीच सुतळी. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि अगदी हळू म्हणाले, “अहो, घरचीच माणसं आहेत.” आणि अगं बाई, बघता बघता सुतळी फुगली, ऐसपैस झाली, पांढरं औषध सरसर पुढे निघालं! मी काचेआडून टाळ्या पिटल्या. “नाटक आहे का हे?” डॉक्टर खेकसले. ऑपरेशन रद्द झालं.

इंजेक्शनानं बाबांना धूसर दिसत होतं. बाहेर पडताच एका अनोळखी बाईंना आई समजून ते म्हणाले, “पोट कापायचं नाही गं!” बाई म्हणाल्या, “अभिनंदन. आता बाजूला व्हा.” आम्ही दोघं फुटपाथवर बसून वेड्यासारखे हसलो.

बाबा पुढे पुष्कळ वर्षं जेवले. डॉक्टर आधी गेले. त्या दिवशी बाबा काठी टेकत त्यांच्यापाशी गेले, शर्टावरून स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टर, अहो, अजून शाबूत आहे.”