डाव्या डोळ्यापुढच्या माश्या

"यांच्या रक्तात बुरशी आहे," डॉक्टर म्हणाले. बुरशी लोणच्याला येते, पावाला येते. माणसाच्या रक्तात कशी येईल?

आमचे हे पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. त्यांना लिम्फोमा झाला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. किमोसाठी मुंबईला दाखल केलं होतं. दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत बारीक नळी घातलेली, तिला पिक लाइन म्हणतात. किमोने पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ताप चढला. अँटिबायोटिकने हटेना, म्हणून ब्लड कल्चर केलं. त्यात रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात. निघाला कॅन्डिडा. ही बुरशी एरवी आपल्या अंगावर, आतड्यात गपगुमान असते. प्रतिकारशक्ती गेली की रक्तात शिरते, कधी अशा नळीवाटेसुद्धा.

बरं व्हायला आणलं आणि इथेच हे लागलं, म्हणून मी डॉक्टरांवर तोंड सोडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग लाइन काढली आणि शिरेतून बुरशीचं औषध सुरू केलं.

"डोळ्यांना काही त्रास?" त्यांनी विचारलं.

"नाय, काय नाय," हे म्हणाले. डोळ्यांची तपासणी व्हायचीच होती, पण घाईचं कारण कोणाला दिसलं नाही.

दुपारी कारखान्याच्या मालकांनी मोबाईलवर नव्या मूर्तींचे फोटो पाठवले. हे डावा डोळा मिटून बघायला लागले. मी खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलले, "माश्या दिसतात गो काळ्या. आखणीवाल्यांचे डोळे दमतातच."

कप्पाळ! दमायला महिनाभर ब्रश तरी कुठे धरला होता? मी तशीच सिस्टरकडे धावले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. बुरशी रक्तातून डाव्या डोळ्याच्या पडद्यावर पोचली होती. औषध बदललं, डोळ्यात इंजेक्शन दिलं. "नजर किती परत येईल, आज सांगता येणार नाही," ते म्हणाले. हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मी बाहेर बाकावर बसून पोटभर रडले.

तुमच्या घरी किमो चालू असेल तर थंडी-तापाला घरगुती काढे देत बसू नका. लाइनला हात लावणाऱ्याला हात धुतलेत का, हे विचारायला लाजू नका. आणि पेशंट "काय नाय" म्हणाला, तरी पुन्हा विचारा.

काही दिवसांनी कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे रक्तात बुरशी उरली नव्हती. पुढची किमो उशिरा का होईना, पुरी झाली. मधे रोह्याजवळ वरशाला माझ्या माहेरी राहिलो. वहिनीने पाणीसुद्धा उकळून दिलं, तिचे उपकार कसे फेडू? डाव्या डोळ्याला अजून थोडं धूसर दिसतं.

परवा हे कारखान्यात गेले, मीही सोबत होते. मालकांनी एक मूर्ती आखणीशिवाय ठेवली होती. यांनी दोन्ही डोळे आखले, मागे सरकले आणि मला हाक मारली. इतक्या वर्षांत आखणीबद्दल मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"बघ गो, सारखे हायत ना?"

हो म्हणावंसं फार वाटलं.

"डावा जरा खाली हाय," मी म्हणाले.

यांनी ओल्या फडक्याने तो पुसला, आणि मी पुढे होऊन दिवा धरला.