विमानात काकूंपुरती जागा

तुमच्या घरातलं माणूस "मला भीती वाटते" असं म्हणालं, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. हसता. किंवा "काही होत नाही" म्हणता, म्हणजे जरा सभ्यपणे हसता.

मी एक माणूस असा पाहिला, जो हसायचा नाही. समोर असेल त्या वस्तूवर नखाने दोनदा टकटक करायचा आणि विचारायचा, "कशाची? तेवढं सांग."

ती वस्तू ताट असेल, कलिंगड असेल, तुमचा मोबाइल असेल. सवय विमानातली होती. तबकडीवरचा अडकलेला काटा जुने वैमानिक टकटक करून जागेवर आणतात. या माणसाने, म्हणजे आमच्या काकांनी, ती पद्धत सगळ्या जगाला लागू केली होती.

काका तरुणपणी कपाशीवर औषध फवारणारी विमानं चालवायचे. पुढे एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबचं दोन माणसांचं जुनं विमान त्यांनी विकत घेतलं. वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावाच्या पलीकडे त्यांच्या शेतात धावपट्टी होती, तिच्या टोकाला टिनाचं शेड, आणि शेडमध्ये ते विमान.

आता माझं, थोडक्यात. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाराखडीसुद्धा पाठकोऱ्या पत्रकांवर गिरवली. अन्याय दिसला की आमच्याकडे आधी छापखान्यात फोन जातो. त्यामुळे त्या भागातल्या पोरी शाळेसाठी पायपीट करतात आणि एका घरी चक्क विमान आहे, हे कळल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. "गावाला एसटी नाही, शेठजींना विमान!" असं पत्रक काढलं आणि जामच्या चौकात वाटायला उभी राहिले.

एका उंच, थोड्या वाकलेल्या गृहस्थांनी पत्रक घेतलं आणि तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. आमची पत्रकं शेवटपर्यंत कोणी वाचत नाही, त्यामुळे मीच घाबरले.

"लिहिलं बराबर हाये," ते म्हणाले. मग चित्रावर टकटक. "पण पोरी, पंख खाली काढला तू. माह्या विमानाचा पंख वर हाये."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पेन मागितला आणि एसटीच्या मागणीखाली स्वतःची सही ठोकली. पेन परत देताना म्हणाले, "इंग्रजी येते ना तुले? मंग उद्या घरी येजो. काम हाये."

काम असं होतं, की काकूंना विमानात बसवायचं होतं.

विमान घरी आल्यापासून काकू त्यात एकदाही बसल्या नव्हत्या. नाही म्हणत नव्हत्या. "भीती वाटते," म्हणायच्या. काका विचारायचे, कशाची. काकू सांगायच्या. काका नागपूरच्या इंजिनिअरला फोन करायचे, आणि काही महिन्यांनी त्या भीतीवरचं यंत्र विमानात बसलेलं असायचं. तोवर काकूंची पुढची भीती तयार. विमानातल्या असल्या विजेच्या सामानाला एव्हिऑनिक्स म्हणतात. त्या घरात त्याला संसार म्हणता आलं असतं.

"रस्ता चुकाल," काकू म्हणाल्या. याला आधार होता. काका एकदा वर्ध्याच्या लग्नाला निघाले आणि हिंगणघाटच्या लग्नात जेवून आले. म्हणून नकाशा दाखवणारा पडदा आला. "ढगात खालीवर कसं समजन?" म्हणून विमान सरळ आहे की कललंय ते दाखवणारं विजेवरचं यंत्र आलं. "अन् लाइट गेली तर?" हा प्रश्न आमच्याकडे कोणालाही, कशाबद्दलही विचारता येतो. म्हणून जादा बॅटरी आली, शिवाय हवेच्या पंपावर चालणारं जुनं यंत्रही तसंच राहू दिलं. "समोरून दुसरं आलं तर?" म्हणून आसपासची विमानं दाखवणारी पेटी आली.

प्रत्येक यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तक यायचं. ते मराठीत करून द्यायचं, हे माझं काम. कारण काकूंची अट होती, "वाचल्याशिवाय मी बसत नाई." मला ही अट फार आवडली. ज्या यंत्रावर जीव ठेवायचा, त्याचं पुस्तक आपल्या भाषेत का नसावं? यावरही मी एक पत्रक काढलं. शेठजींच्या विमानाला विरोध आणि काकूंच्या पुस्तकाला पाठिंबा, अशी माझी भूमिका होती. आई म्हणाली, "भूमिका छान आहे. पण चहा कोणाकडचा पितेस?"

काकू वाचायच्या मात्र कडक. इंजिनाचा आवाज मारणाऱ्या हेडफोनचं पुस्तक त्यांनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि काकांकडे पाहिलं. काकांना तेव्हा कमी ऐकू यायला लागलं होतं.

"अजी, हे माहाबी आवाज बंद करते काय?"

"नाई वं. तुहा तर उलट साफ येते."

"मंग तुमचंच मरण हाये."

नकाशाच्या पडद्याचीही गंमत झाली होती. तो बोटाने चालणारा होता. इंजिनिअर मोठ्या हौसेने तो काकूंना दाखवत होता आणि काकांनी सवयीप्रमाणे काचेवर टकटक केली. पडद्याने ताबडतोब जामहून थेट कोलंबोचा रस्ता आखून दिला.

काकूंनी चष्मा वर केला. "मले आर्वीलेबी नेलं नाई आतापावतर. अन् स्वतः कोलंबोले चालले."

दसऱ्याला तर कहरच झाला. काकूंच्या मागणीवरून विमानात विषारी धुराचा इशारा देणारं यंत्र बसवलं होतं. काकूंनी विमानाची पूजा केली, हार घातला आणि निखाऱ्यांवर धूप टाकून धुपाटणं उघड्या दारातून आत फिरवलं. यंत्र असं किंचाळलं, की शेजारच्या मळ्यातले शालिकभाऊ कोथिंबिरीची जुडी हातात घेऊनच धावत आले. सगळे बाहेर पळाले. काकू तेवढ्या तिथेच उभ्या. समाधानाने म्हणाल्या, "चालते म्हणजे."

"झालं मंग," काका म्हणाले. "आता बसतं?"

"पाहू," काकू म्हणाल्या.

हे सगळं असंच मजेत चाललं असतं. पण वैमानिकाला ठरावीक काळाने डॉक्टरी तपासणी द्यावी लागते. त्या वर्षी डॉक्टरने काकांना पास केलं आणि म्हणाला, पुढच्या खेपेची आशा ठेवू नका. काकांनी हे मला सांगितलं तेव्हा शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. विमानाच्या दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीवर त्यांनी टकटक केली. "एवढ्यात बसली पाह्यजे थे," म्हणाले.

त्याच महिन्यात इंजिनिअरने विमानाचं वजन केलं. नवीन सामान चढवलं की ते करावंच लागतं. त्याने हिशेब मांडला, पुन्हा मांडला, आणि काकांना बाजूला घेतलं. मी पण बाजूला गेले.

"काका, प्रॉब्लेम होऊन राह्यला. टाकी फुल भरली अन् तुम्ही बसले, की मग..." तो थांबला. "मग काकू मावत नाईत. म्हणजे वजनात."

टाकी अर्धी भरता येत नव्हती. "टाकी पूर्ण पाह्यजे" ही काकूंची भीती अगदी पहिल्या वर्षातली. म्हणजे काकूंना बसवण्यासाठी जे जे आणलं, त्या सगळ्याने मिळून काकूंची जागा खाल्ली होती.

आता हे काकूंना सांगायचं कोणी?

"तू सांग," काका इंजिनिअरला म्हणाले.

"मी? माझं लग्न व्हायचं आहे अजून."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पत्रकवाली. तुले खरं बोलाची सवय हाये."

सत्तेसमोर सत्य बोलावं, हे मी लहानपणापासून शिकले आहे. पण त्या दिवशी नेमकं मला वर्ध्याला काम निघालं.

काकांनी मग स्वतःचा उपाय काढला. काकू कमी होणार नसतील, तर आपण कमी व्हायचं. त्यांनी जामच्या चौकातले तर्री-पोहे सोडले. रात्रीचं जेवण सोडलं. रोज सकाळी शालिकभाऊंच्या मळ्यात जाऊन, खिसे रिकामे करून, भाजी तोलायच्या काट्यावर उभे राहायला लागले. शालिकभाऊ आकडा सांगत नसत. "आज एका वांग्यानं कमी," एवढंच म्हणत. कधी म्हणत, "काल कोणाकडे जेवले जी? फुलकोबी वाढली."

काकूंना संशय आला, पण तो वेगळाच. ताट तसंच परत येतं, म्हणजे माणसाला मोठा आजार झालाय आणि तो आपल्यापासून लपवतोय. त्या काळजीने त्याच जेवेनाशा झाल्या. आणखी थोडे दिवस गेले असते, तर दोघं मिळून विमानात सहज मावले असते.

पण एका सकाळी भाजी घेऊन आलेल्या शालिकभाऊंनी अंगणातूनच, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, अतिशय आदराने विचारलं, "काकू, काका तर रोज उतरून राह्यले. तुम्ही किती उतरल्या जी? विमान तुमच्यासाठी अडून हाये म्हणते."

मी तेव्हा ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. काकूंनी पदर खोचला. चप्पल घातली. मी मागे मागे गेले. पत्रकासाठी नाही, शुद्ध उत्सुकतेपोटी.

शेडमध्ये इंजिनिअर विमानाच्या पॅनेलखाली आडवा झाला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. काका शेजारी उभे होते. काकूंना पाहून त्यांनी पंखावर टकटक केली.

काकूंनी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. "आजारी नाई ना तुम्ही?"

"नाई."

"मंग ठीक हाये." मग आडव्या पायांकडे बघून, "बाबू, हे जुनं हवेवरचं यंत्र किती भरते?"

"पंपासकट? बरंच भरते, काकू."

"काढ. एक असताना दुसरं कायले पाह्यजे?"

"तूच म्हणलं होतं, लाइट गेली तर," काका म्हणाले.

"म्हणलं असन. थे जादा बॅटरीबी काढ. आता जात नाई लाइट तेवढी."

"जाते," पॅनेलखालून आवाज आला.

"तू काढ."

रेडिओ आणि कायद्याने लागणाऱ्या एकदोन पेट्या ठेवाव्या लागल्या. धुराचं यंत्र हलकं होतं, शिवाय परीक्षा पास झालेलं, तेही राहिलं. नकाशाचा पडदाही राहिला, कारण हिंगणघाटचं लग्न काकू विसरल्या नव्हत्या, आणि हेडफोनही. बाकी काकू एकेक करून आपल्याच भीत्या विमानातून उतरवत होत्या. भाजी निवडावी, तसं. शेवटी इंजिनिअरने पॅनेलमागून तारा ओढायला सुरुवात केली. काळपट, कडक झालेल्या तारा. ओढतोय, ओढतोय, ढीग वाढतोय.

"ह्या कशाच्या रे?" काकूंनी विचारलं.

"जुन्या सामानाच्या. सामान केव्हाच काढलं, तारा तशाच राह्यल्या. मागं कोणी पाह्यलंच नाई."

काकू त्या ढिगाकडे बघत बसल्या. काकांनी हळूच विचारलं, "अन् आता भीती?"

"कशाची?" काकू म्हणाल्या. आजवर हा शब्द काकांचा होता.

मग काकूच बोलल्या. "पोरं लहान होते. दोघंबी वर गेलो अन् दोघंबी खाली नाई आलो, तर पोराइले कोण पाहीन? याची वाटे."

काका म्हणाले, "हे मले काऊन नाई सांगितलं?"

"याचं यंत्र कुठं भेटते? तुम्ही उगाच शोधत बसले असते."

"अवं, पोरं पुण्याले हायेत. थोरल्याले टक्कल पडलं."

"हो ना," काकू म्हणाल्या. "थे ध्यानातच नाई राह्यलं." आणि हसायला लागल्या. मग काका. मग पॅनेलखालचे पाय हलायला लागले.

नवीन वजन झालं. काकू मावल्या. टाकी पूर्ण भरून. इंजिनिअरने सांगितलं, एखादी पर्सही चालेल.

ते वर गेले त्या सकाळी खाली आम्ही तिघं होतो. मी, इंजिनिअर आणि शालिकभाऊ. विमान कपाशीवरून एक मोठा फेरा मारून आलं. काका उतरले ते जरा भांबावलेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, हेडफोनमधून, त्यांना काकूंचा शब्द न् शब्द ऐकू आला होता, आणि काकू वरून खाली येईपर्यंत बोलत होत्या. काकूंची एकच तक्रार होती. नाचणगावचं माहेर वरून पाहायचं होतं, पण शेजारी लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो, म्हणून नकाशात त्या बाजूला लाल रंग होता. "तिकडं जायची आपल्याले परवानगी नाई म्हणते. माह्या माहेरी जाले कोणाची परवानगी?" यावर मी पत्रक काढावं, अशी त्यांनी मागणी केली. विचाराधीन आहे.

पुढची तपासणी येईपर्यंत ते दर रविवारी वर जात राहिले. मग डॉक्टरने ठरल्याप्रमाणे नापास केलं. त्यानंतरच्या थंडीत काका गेले. घरीच, झोपेत.

विमान बघायला बाहेरगावचा एक माणूस आला, तेव्हा काकूंनी मला बोलावून घेतलं. तो पॅनेलपाशी वाकला. काढलेल्या यंत्रांच्या जागी ॲल्युमिनियमच्या गोल-चौकोनी चकत्या ठोकलेल्या होत्या.

"इतने सारे छेद? ये किसके हैं?"

"माह्ये हायेत," काकू म्हणाल्या. मग नकाशाच्या पडद्याकडे बोट केलं. "अन् याच्यावर टकटक नका करू. कोलंबोले घेऊन जाते."

तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला.

एसटी अजून आलेली नाही. माझं पत्रक कायम आहे. नव्या छपाईत फक्त चित्रातला पंख वर केलाय. आमच्याकडच्या मूळ कागदावर काकांच्या सहीखाली भरपूर जागा आहे, तिथे तुम्ही सही करालच. पण त्याआधी एक करा. आज घरी गेल्यावर, ज्या माणसाच्या भीतीला तुम्ही आजवर हसलात, त्याच्यासमोर बसा. हाताशी येईल त्यावर दोनदा टकटक करा आणि विचारा, "कशाची? तेवढं सांग." आणि पहिलं उत्तर आलं, म्हणून लगेच उठू नका.